सहावे झाड

शासनाला जे दिसते ते बहुतांशी प्रपत्रातून दिसते. ज्या गोष्टीसाठी रकाना नाही ती गोष्ट अस्तित्वातच नाही, असे प्रशिक्षणात कोणी शिकवत नाही. पण पाच-सहा वर्षांच्या नोकरीत ती समजूत अंगात मुरते. माझ्याही मुरली होती. ती किती खोलवर गेली आहे याचा प्रत्यय मला एका व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातील रस्त्यावर आला. प्रकल्पाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. जो दोष घडला त्याच्या कागदावर स्वाक्षरी माझी होती.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी अंतरिम आदेश देऊन देशातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन थांबविले. पुढे ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाली आणि बंदी उठली. या तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राचा कमाल २० टक्के भाग पर्यटकांसाठी वापरता येतो. शिवाय प्रत्येक प्रकल्पासाठी एक स्थानिक सल्लागार समिती नेमावी लागते आणि तिचे अध्यक्षपद विभागीय आयुक्ताकडे येते. आयुक्ताला जंगलातले काही कळत असले पाहिजे, अशी अट त्यात नाही. मला कळत नव्हते. महसुली प्रकरणे, निवडणुका, दुष्काळ यांत वीस वर्षे गेलेल्या माणसाला जंगल म्हणजे सातबाऱ्याबाहेरची जमीन, एवढाच बोध असतो.

समितीच्या एका बैठकीत विषय क्रमांक सात असा होता: बफरमधील सहा किलोमीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंची, प्रत्येकी १५ मीटर रुंदीची, तणे व झुडपे काढणे. कारण असे दिले होते की घाणेरी इतकी माजली आहे की पर्यटकांना दहा पावलांपलीकडचे जनावर दिसत नाही. कारण खोटे नव्हते. घाणेरी, जिला काही भागांत टणटणी म्हणतात, ही परदेशातून शोभेसाठी आणलेली वनस्पती मध्य भारताच्या जंगलात किती पसरली आहे हे तिकडे राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. बफरमध्ये पर्यटन वाढले तर गाभ्यावरचा भार हलका होईल, गावातील मुलांना गाइडचे काम मिळेल, हेही खरेच होते. चर्चा चार मिनिटे झाली. इतिवृत्तात 'सर्वानुमते मान्य' असे लिहिले गेले.

तीन महिन्यांनी मी पाहणीस गेलो. रस्ता देखणा झाला होता. दोन्ही बाजूंना मोकळे गवत, मागे झाडांची भिंत, चितळांचा कळप चरतो आहे. मी समाधानाने मान डोलावली. आमच्याबरोबर एक वयस्क बैगा चौकीदार होता, उन्हाळ्यात वणव्यावर नजर ठेवण्याच्या कामावरचा. तो एका जागी थांबला आणि कोणाला उद्देशून नव्हे असे म्हणाला, "साहब, यहाँ एक दहिमन था।"

दहिमन म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. मागाहून कळले की विदर्भात त्यालाच दहीपळस म्हणतात. रुंद पानांचे, मध्यम उंचीचे झाड; पानावर काडीने रेघ ओढली की ती उमटते आणि पूर्वी लोक त्या पानांवर निरोप लिहीत असे सांगतात. औषधासाठी त्याची साल काढली जाते आणि त्यामुळेच ते कमी झाले आहे. चौकीदाराच्या माहितीत त्या संपूर्ण बीटमध्ये अशी तीन झाडे होती. रस्त्याकाठचे मोठे झाड पूर्वीच वाळले होते. आम्ही तोडले ते त्याचे पोर, मनगटाएवढे जाड. मजुरांना 'झुडपे' काढण्यास सांगितले होते आणि मनगटाएवढे झाड हे अंदाजपत्रकाच्या दृष्टीने झुडूपच होते. घाणेरीबरोबर बीजा, शिवण, कुसुम, चार यांची किती पोरे गेली याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. माझ्याकडे फक्त हेक्टर होते.

कचेरीत परतल्यावर मी त्या बीटची वनस्पतींची नोंद मागविली. ती मिळाली, हे वनखात्याच्या बाजूने आवर्जून सांगितले पाहिजे; अनेक खात्यांत तेवढेही मिळत नाही. दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत वनरक्षक आखलेल्या रेषेवरून चालतात, ठरावीक अंतरावर थांबतात आणि १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कोणती झाडे आहेत हे लिहितात. प्रपत्र नेटके आहे. त्यात प्राबल्याच्या क्रमाने पाच वृक्षजाती लिहावयाच्या असतात. माझ्या हातातील कागदावर त्या होत्या: साजा, धावडा, तेंदू, लेंडिया, पळस. पुढच्या वर्तुळातही थोड्याफार फरकाने त्याच. त्याच्या पुढच्यातही.

दहिमन सहावा होता. कदाचित सोळावा असेल. प्रपत्र पाचव्या नावावर संपत होते.

यात प्रपत्राचा दोष नाही. वाघाचा अधिवास कसा आहे हे समजण्यासाठी प्रबळ जाती पुरेशा असतात आणि वनरक्षकाने प्रत्येक वर्तुळात पन्नास नावे लिहीत बसावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. दोष आमचा आहे. एका कामासाठी केलेली नोंद हाच आम्ही जंगलाचा संपूर्ण खतावणी-लेखा मानतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या साहाय्याने जो वनस्थिती अहवाल काढते त्याचेही असेच आहे. वृक्षछत्र ७० टक्के वा अधिक असेल तर अतिघन, ४० ते ७० मध्यम घन, १० ते ४० विरळ. हे मोजमाप उपयुक्त आहे, पण छत्राच्या या आकड्यात एकट्या सागाची लागवड आणि पन्नास जातींचे रान यांतील भेद उरत नाही. घनता वाढली की जिल्ह्याचे अभिनंदन होते. मी असे अभिनंदन स्वीकारलेले आहे.

आता जे कोणालाही जाऊन पाहता येईल असे उदाहरण घेतो. मंडला आणि बालाघाट जिल्ह्यांतील कान्हा हे १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ अरण्यांपैकी एक आहे. नागपूरहून तेथे जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे; भोपाळ, रायपूर, जबलपूर येथील आपली मंडळी तर दिवाळीच्या सुट्टीत जातातच. कान्हा येथे जंगलाचे दोन स्पष्ट थर आहेत. खोऱ्यांत, जेथे ओल टिकते, तेथे सालवृक्षांचे राज्य आहे. डोंगरउतारांवर मिश्र जंगल आहे: ऐन, धावडा, बीजा, हलदू, लेंडिया, तेंदू, चार, कुसुम, मोह, आणि त्यांच्या खाली बांबू. माथ्यावर पुन्हा गवताळ पठार, ज्याला तेथे दादर म्हणतात. पर्यटकांची मुख्य वर्दळ खोऱ्यांत आणि कुरणांच्या काठी असते, कारण पाणी तेथे, हरिणे तेथे, म्हणून वाघही तेथे. विविधता उतारावर आहे आणि जिप्सी सपाटीवर धावते. २० टक्क्यांची मर्यादा किती भाग वापरावा हे सांगते. कोणता भाग, आणि तेथे काय पाहावे, याविषयी समितीत मी एकदाही प्रश्न विचारला नाही.

गाइड बहुधा जवळच्या गावातील गोंड वा बैगा तरुण असतो. त्याच्याबरोबर चार फेऱ्या केल्या की ध्यानात येते की तो तीनच झाडांची नावे सांगतो, आणि तीही इंग्रजीत. घोस्ट ट्री, क्रोकोडाइल बार्क, फ्लेम ऑफ द फॉरेस्ट. पहिले म्हणजे कुल्लू, आपला कांडोळ, ज्याला मराठीत भुत्याही म्हणतात, दुसरे साजा, आपला ऐन, तिसरा पळस. पुण्याहून वा बंगळुरूहून आलेल्या मुलाला हे नवे ज्ञान वाटते. त्या गाइडच्या घरी ऐनाची साल, बीज्याचा डिंक, चाराची बी यांची नावे आजीच्या तोंडी असतात. नोकरीसाठी त्याने ती बाजूला ठेवून आमच्या सोयीची तीन नावे पाठ केली आहेत. मला याचे वाईट वाटते ते भावुकतेने नव्हे. १९६९ पासून कान्हाच्या आतील अनेक गावे बाहेर हलविण्यात आली आणि त्यांच्या शेतांची कुरणे झाली. त्या गावांबरोबर झाडे ओळखणारे डोळेही बाहेर गेले. गाइडच्या रूपाने ते डोळे पुन्हा आत आले आहेत. आपण त्यांना फक्त पट्टे शोधण्यास लावले आहे.

जातींची विविधता ही वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांची हौस आहे, असे मला एका वरिष्ठांनी एकदा ऐकविले होते. त्यांना मी उत्तर देऊ शकलो नाही, आज देतो. उन्हाळ्यात जंगलाचे पोट एका झाडावर चालत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात आणि अस्वलापासून चितळापर्यंत सगळे त्यांवर जगतात. मग तेंदूची फळे, मग चार, मग पावसाच्या तोंडाशी जांभूळ. वड, उंबर, पिंपरी यांच्या फळांचे वेळापत्रक निराळेच, आणि धनेशाचे बरेचसे गणित त्यांच्यावर व जुन्या झाडांच्या ढोलींवर असते. थंडीत आवळा, वानर झाडावर निम्मा खातो, निम्मा टाकतो, आणि खाली चितळे उभी असतात. यातील एक झाड गेले तर वर्षातील तीन आठवड्यांचे अन्न जाते. वाघाचा आकडा त्यामुळे लगेच खाली येत नाही, म्हणून ते कोणत्याही आढाव्यात दिसत नाही.

दुसरे उत्तर अधिक कठोर आहे आणि ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला, दिंडोरी, बालाघाट या पट्ट्यात सालवृक्षांना पोखरणाऱ्या भुंग्याची साथ आली. मी तेव्हा त्या भागात कनिष्ठ अधिकारी होतो. पहिला पाऊस पडला की हे भुंगे खोडांतून बाहेर पडतात, मादी सालीत अंडी घालते, अळी आतले लाकूड कोरीत जाते आणि भरदार झाड पाहता पाहता सुकते. बुंध्याशी भुशाचा ढीग दिसला की ते झाड गेले असे समजावयाचे. उपाय मोठा विलक्षण होता. काही साल तोडून त्यांचे ओंडके करावयाचे, टोकांची साल ठेचावयाची. रसाच्या वासाने भुंगे दूरवरून येतात, तो पिऊन सुस्त होतात, आणि मग गावकऱ्यांनी ते वेचावयाचे. किड्यामागे पैसे ठरलेले होते. मुलेबाळे डब्यांत मुंड्या भरून आणीत आणि आम्ही त्या मोजून घेत असू. पावसात टेबल टाकून मुंड्या मोजणारे शासन मी त्यापूर्वी पाहिले नव्हते, नंतरही नाही. पुढे रोगट झाडे तोडण्याचा प्रश्न इतका वाढला की १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयास त्यात लक्ष घालावे लागले. तोपर्यंत लाखो साल गेले होते.

त्या भुंग्याचे तेथील लक्ष्य साल हेच होते. ज्या टेकडीवर सालाखेरीज काही उरले नव्हते ती टेकडी उघडी पडली. जेथे सालात ऐन, जांभूळ, हलदू मिसळलेले होते तेथे निदान सावली राहिली, जमीन धुपली नाही. एवढे समजण्यास मला वनशास्त्राची पदवी लागली नाही. तरीही पंधरा वर्षांनी विषय क्रमांक सात चार मिनिटांत मान्य करताना मला त्या टेकड्या आठवल्या नाहीत.

येथे एक सावधगिरी नोंदविली पाहिजे, नाहीतर उद्या कोणी नव्या रकान्यात 'जातींची संख्या' असे शीर्षक घालील आणि ती वाढविण्याचे लक्ष्य जिल्ह्यांना वाटून देईल. संख्या वाढविणे सर्वात सोपे काम आहे. प्रवेशद्वाराशी गुलमोहोर, रिसॉर्टच्या कुंपणाला सुबाभूळ, विश्रामगृहासमोर बाटलीपाम लावले की संख्या तीनने वाढते. साल हा स्वभावतःच गोतावळ्याने राहणारा वृक्ष आहे; खोऱ्यातील सालवनात थोड्याच जाती असणे हा त्याचा रोग नव्हे. आणि झाडे उपटणे हेही कधी कधी संवर्धनच असते. कान्हातील कुरणांत सालाची व इतर झाडांची रोपे शिरू लागली की ती काढावी लागतात, कारण १९७० साली अवघी ६६ उरलेली तेथील बारशिंगे गवतावर जगतात. तो निर्णय योग्य होता आणि आज ती शेकड्यांनी आहेत. म्हणजे तोडू नका असे माझे म्हणणे नाही. काय तोडतो आहोत हे तोडण्यापूर्वी माहीत असावे, एवढेच आहे.

लावण्याच्या बाजूनेही तेच अज्ञान काम करते. वृक्षारोपणाचे लक्ष्य आपल्याकडे रोपांच्या संख्येत येते. आढावा जगलेल्या रोपांच्या टक्केवारीचा होतो. मग तालुक्याचा अधिकारी रोपवाटिकेत जे उपलब्ध आणि जे हमखास जगणारे तेच उचलणार: साग, करंज, बांबू. त्याच्या जागी मी तेच केले आहे. सालाचे बी जूनमध्ये वाऱ्यावर भिरभिरत खाली येते आणि आठवडाभरात रुजले नाही तर मरते; ते पोत्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही. चाराची फळे पिकण्यापूर्वीच ओरबाडली जातात, कारण चारोळीला बाजारात भाव आहे आणि जो थांबेल त्याच्या हाती काही लागत नाही. बीज्याच्या लाकडाचे पेले मधुमेहावरचा उपाय म्हणून विकले जातात. अशा झाडांची रोपे करणे कष्टाचे आहे, म्हणून ती यादीत नाहीत; यादीत नाहीत म्हणून लावली जात नाहीत. रोपवाटिकेतील एका साध्या यादीने जंगलाची पुढील शंभर वर्षे ठरविली जावीत, याचा विचार कोणी मुद्दाम केलेला नाही. तो आपोआप झालेला निर्णय आहे, आणि प्रशासनात असे निर्णय सर्वात टिकाऊ ठरतात.

यावर फार मोठी योजना हवी असे मला वाटत नाही. मोठ्या योजनेत पुन्हा प्रपत्रे येतील. प्रत्येक पर्यटन-रस्त्याची एक वही असावी. त्या रस्त्यापासून दिसणाऱ्या किंवा पन्नास पावलांत असणाऱ्या दुर्मीळ झाडांची जागा, स्थानिक नाव, घेर तीत असावा आणि ती गाइड व चौकीदार यांनी मिळून भरावी, मोबदला घेऊन. रस्त्याकडेची सफाई करण्यापूर्वी ठेवावयाच्या रोपांना चुन्याचा पट्टा मारावा. घाणेरी मुळासकट काढावी आणि बाकीचे राहू द्यावे. अंदाजपत्रकात हेक्टरी दर थोडा वाढेल, कारण निवडून तोडण्यास वेळ लागतो. तो वाढू द्यावा. गाइडच्या परीक्षेत वीस झाडे असावीत, त्यांची बैगा वा गोंडी नावे असावीत, आणि पावसाळ्यात उद्याने बंद असतात त्या तीन महिन्यांत त्याच मुलांना बी गोळा करण्याचे व रोपे करण्याचे काम द्यावे. सालाचे रुजणे, जंगलाचा खरा जन्मकाळ, हा नेमका दारे बंद असतानाचा असतो. पर्यटकाने तो पाहावा असे नाही, पण कोणीतरी पाहत असावे.

त्या बफरच्या रस्त्यासाठी मी बदली होण्यापूर्वी अशी एक वही सुरू करून दिली. तिला शासकीय क्रमांक नव्हता. नियमित वार्षिक तपासणीत ती कोणी मागणार नाही हे मला ठाऊक होते, म्हणून चौकीदाराकडेच ठेवण्यास सांगितले. निवृत्तीनंतर मी पुन्हा त्या बाजूस गेलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना घाणेरी पूर्वीपेक्षा दाट आली होती. मुळे न काढता वरून छाटल्याचा तो परिणाम. चौकीदार वारला होता. वही त्याच्या मुलाकडे निघाली. तो आता गाइड आहे. तीत ४३ नावे आहेत, शेवटची अकरा मुलाच्या अक्षरात. दहिमनापुढे 'दो बचे' असे लिहिलेले आहे आणि त्याखाली जागा सांगितली आहे, ती मी येथे देत नाही.

त्या ४३ पैकी नऊ नावांना मराठीत काय म्हणतात हे मला अद्याप सापडलेले नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडील कोणी वाचक असल्यास मी यादी पाठवीन. तेवढी ओळख पटवून द्यावी.